नालेतून निसटलेला दात

मित्रांनो, तुमच्या अंगठ्याच्या पेराएवढा माझा जीव. खाली स्क्रूसारखे आटे, मध्ये रुंद खांदा आणि वर बोथट टोक, एवढेच माझे शरीर. खिशात टाकलात तर विसरून जाल, इतका मी हलका. पण एके सकाळी माझ्यामुळे एक धडधाकट माणूस आणि एक गुणी घोडी दगडावर आडवी झाली. त्या दिवसाबद्दल आणि त्यानंतर जे घडले त्याबद्दल मला तुम्हाला सांगायचे आहे.

आधी मी कोण ते सांगतो. घोड्याच्या खुराला लोखंडी नाल ठोकतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. नाल खुराला झिजू देत नाही, पण ओल्या दगडावर तीच नाल घसरते. म्हणून नालेच्या मागच्या दोन्ही टोकांना एकेक भोक पाडतात, त्यात आटे कापतात आणि माझ्यासारखा पोलादी स्टड पिळून बसवतात. चढ आला की बसवायचा, काम संपले की काढायचा. कायमचा ठेवून चालत नाही. तबेल्याच्या सपाट फरशीवर घोडा आमच्यावर उभा राहिला, तर त्याचा पाय अवघडतो, आणि बसता-उठता आमचे टोक त्याच्याच दुसऱ्या पायाला लागते. दुकानातल्या डबीवर आमचे नाव स्टड असले, तरी आमचे गाडीवान आम्हाला 'दात' म्हणत. "चल, दात लावू," असे ते म्हणाले की घोडी आपणहून पाय उचलून धरी.

माझा जन्म लेथवर झाला. पोलादाची लांब कांब गरगर फिरत होती आणि तिच्या अंगावरून कुरळे किस निघत होते. त्या कांबीतून मला कापून वेगळे केले, माझ्यावर आटे पाडले, लालबुंद होईपर्यंत तापवले आणि तेलात बुडवले. चर्र आवाज झाला आणि मी कठीण झालो. अशी आम्ही सोळा भावंडे पत्र्याच्या एका डबीत बसून नालबंदाच्या दुकानात आलो.

नालबंद पन्नाशीचा, बुटका, रुंद खांद्यांचा माणूस होता. ओठांत चार खिळे धरून काम करायची सवय, त्यामुळे बोलणे मुळातच कमी. भिंतीवर त्याच्या कानशी लहानापासून मोठीपर्यंत ओळीने टांगलेल्या असत. "त्याने ठोकलेली नाल झिजेल, पण निघणार नाही," असे लोक म्हणत. हे कानावर आले की तो मान खाली घालून ऐरणीवर उगाच एक घाव जास्त घाली.

गाडीवान म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नालबंद बहिणीला ताई आणि त्यांना दाजी म्हणे. दाजी ताडमाड उंच, हसतमुख, आणि शीळ घातल्याशिवाय त्यांचे पाऊल पडत नसे. खालच्या बाजारापासून वरच्या इस्पितळापर्यंत एक दगडी चढ होता. तो इतका अरुंद आणि उभा होता की त्यावरून मोटार जात नसे. दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या, धुतलेल्या चादरींची गाठोडी, सगळे दाजींच्या गाडीतून वर जाई. उतरताना गाडीत बरी झालेली, पण अजून पायांत जोर नसलेली माणसे असत. गाडीला राखी रंगाची घोडी होती. तिचे नाव ढगी.

चार वर्षे मी ढगीच्या मागच्या डाव्या पायात काम केले. रोज सकाळी चढाच्या पायथ्याशी दाजी नालेच्या भोकातला तेलकट कापसाचा बोळा काढत, ब्रशने आटे साफ करत, मला बोटांनी दोन फेरे देत आणि मग पाना लावत. काम झाले की मला काढून पुसून डबीत ठेवत. दगड दवाने भिजलेले असोत की शेवाळलेले, आम्ही आठ जण टोके रोवून गाडी तोलून धरत होतो. एकदा गाडीतून उतरताना एक आजीबाई म्हणाल्या, "गाडी म्हणायची की पाळणा?" दाजींनी ढगीच्या पायाकडे बोट दाखवले. "कौतुक करायचं तर त्या दातांचं करा, आजी. मी नुसता शीळ घालतो." त्या दिवशी मी स्वतःला पोलादाऐवजी सोने समजलो, हे कबूल करतो.

पण मित्रांनो, बिघाड काही ढोल वाजवत येत नाही. दर सहा आठवड्यांनी नाल बदलावी लागे, आणि दर वेळी नव्या नालेच्या भोकात नालबंद टॅपने आटे कापी. टॅप म्हणजे आटे कापायचे हत्यार. तो त्याच्या वडिलांच्या हातचा होता, झिजलेला आणि अंगात किंचित वाकलेला. कापताना तो डगमगे आणि भोकाचे तोंड हवे त्यापेक्षा रुंद होई. नालबंदाच्या हाताला हे कळत होते. तो टॅप उजेडाकडे धरून बघे, पुटपुटे, "अजून चालतंय," आणि परत खोक्यात ठेवी. त्या 'अजून चालतंय'ने पुढे किती जणांना रडवले!

हिवाळ्यातली सकाळ होती. धुके इतके दाट की दाजींना घोडीचे कान दिसत नव्हते. गाडीत दुधाचे सहा कॅन होते. मी नालेत बसलो होतो, पण घट्ट नव्हतो. तोंडाशी मला आधारच नव्हता. प्रत्येक पावलाला मी केसभर हलत होतो, आणि केसभर हलता हलता फिरत होतो. मला कळत होते, पण आमच्या जातीला ओरडता येत नाही. तिसऱ्या वळणावर ढगीने मागचा डावा पाय जोरात रेटला आणि मी निसटलो.

नुसती नाल ओल्या दगडावरून सपकन सरकली. ढगी गुडघ्यांवर आपटली. गाडी मागे ओढली गेली. चाकाखाली दगड टाकायला धावलेले दाजी तिच्या वाटेत सापडले. मग एक किंकाळी, कॅन आपटल्याचा आवाज, आणि दगडांच्या फटींतून खाली वाहत जाणारे दूध. मी गटाराच्या कडेला पडून सगळे पाहत होतो.

दाजींचा पाय गुडघ्याखाली मोडला. चार माणसांनी त्यांना दाराच्या फळीवर घालून इस्पितळात नेले. ढगीचे हाड मोडले नव्हते, पण दोन्ही गुडघे सोलवटले होते. नवऱ्याला प्लास्टर घातले जाईपर्यंत ताई बाकावर बसून राहिल्या. मग उठल्या आणि चढाच्या वरच्या टोकापासून कंबरेत वाकून, दगड न् दगड चाचपत खाली येऊ लागल्या. तिसऱ्या वळणावर त्यांनी मला उचलले, पदराने पुसले आणि तडक भावाच्या दुकानात जाऊन ऐरणीवर ठेवले.

"हा तुझाच ना?"

नालबंदाने ओठांतले खिळे काढले. "माझाच."

"मग विचार त्याला, का सुटला ते." एवढे बोलून त्या मागे वळल्या.

बाजारात जो तो म्हणत होता की गाडीवानाने घाई केली, पाना नीट आवळला नाही. खुद्द दाजीही खाटेवरून हेच सांगत होते. "थंडीनं बोटं आखडली होती. राहिला असेल सैल. माझंच चुकलं." कुणीही नालबंदाकडे बोट दाखवले नाही. त्याने गप्प राहायचे ठरवले असते तर ती गोष्ट तिथेच मिटली असती.

तिसऱ्या दिवशी त्याने मला घासलेटमध्ये धुतले आणि भिंगाखाली धरले. माझे वरचे आटे चकचकीत झाले होते, सतत हलून घासले जावेत तसे. खालचे मात्र नव्यासारखे. आट्यांत मातीचा कण नव्हता, म्हणजे दाजींनी साफसफाई नीट केली होती. मग त्याने ढगीच्या पायातली ती नाल उतरवली आणि तिच्यात कोराकरकरीत स्टड पुरता आवळून बसवला. बोटाने ढकलताच तो स्टड डगमगला. नालबंद स्टुलावर बसला तो बसूनच राहिला.

त्याची मुलगी पंपाच्या कारखान्यात लेथ चालवत असे. कामावरून येताना ती दुकानात डोकावली, तर भट्टी थंड.

"बाबा, काय झालं?"

त्याने नाल तिच्या हातात दिली. तिने स्टड हलवून पाहिला आणि खोक्यातला टॅप काढून टेबलाच्या काचेवर घरंगळत सोडला. टॅप उड्या मारत गेला.

"हा वाकलाय, बाबा."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

नालबंदाने टॅप उचलून मुठीत धरला.

दुसऱ्या दिवशी मला खिशात घालून तो इस्पितळात गेला. ताई दाजींना भात भरवत होत्या. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला आणि सगळे एका दमात बोलून गेला. "दाजी, दात तुम्ही नीट लावला होता. भोकच माझं वाकडं होतं. टॅप खराब झालाय हे मला दोन वर्षं माहीत होतं. वडिलांची वस्तू म्हणून बदलला नाही. तुमचा पाय माझ्यामुळे मोडला."

मग दाजी म्हणाले, "म्हणजे चार दिवस मी स्वतःला ज्या शिव्या घातल्या, त्या सगळ्या तुझ्या होत्या होय? आधी सांगायचंस, नेमक्या घातल्या असत्या." आणि ते हसले. हसताना पाय दुखला, तसे विव्हळले.

ताई हसल्या नाहीत. त्यांनी वाटी बाजूला ठेवली. "कबूल केलंस, बरं केलंस. पण तुझ्या कबुलीनं घोडी चढणार आहे का? काल शेजाऱ्यांनी नेऊन बघितली. चढ दिसला की थरथर कापते. इस्पितळवाले म्हणतात, महिनाभर थांबतो, मग दुसरी सोय बघतो. मग हिला ठेवायची कुठे आणि ह्यांनी करायचं काय?"

"महिनाभर दे मला," नालबंद म्हणाला.

त्याने नवा टॅप आणला. आता भोक सरळ होत होते. पण त्याच्या मनातून धास्ती जाईना. दगडावर दिवसभर हादरे बसले की सरळ आटेही हळूहळू ढिले होतात, हे त्याला समजले होते. त्याला असा दात हवा होता, जो चालताना सुटणार नाही आणि काढायचा म्हटला तर अडणार नाही. ऐकायला सोपे वाटते, पण ही दोन कामे एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

प्रयोगाला त्याने मलाच घेतले. मी आधीच घासलेला, माझे आणखी काय बिघडणार? पहिल्यांदा त्याने माझ्या खांद्याखाली स्प्रिंगचा वॉशर घातला. मग नाल दगडावर दिवसभर आपटून पाहिली; तिसऱ्या दिवशी वॉशर तुटला. मग आट्यांना राळ लावली. मी असा चिकटलो की पाना फिरवताना त्याचा हात सोलला, पण मी हललो नाही. मला काढायला नाल तापवावी लागली. "घोड्याचा पाय काय भट्टीत घालणार आहेस?" दुकानाच्या दारात आलेल्या ताई म्हणाल्या. त्या रोज येत, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसत, आणि काम कुठवर आले ते विचारून जात.

तीन आठवडे असे गेले. एका सुट्टीच्या दिवशी मुलगी दारातच थांबून रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रकच्या चाकाकडे बघत राहिली.

"बाबा, चाकाचा नट कधी उलटा करून बघितलाय?"

"त्यात काय बघायचं?"

"त्याचं तोंड सपाट नसतं. निमुळतं असतं, भोवऱ्यासारखं. आणि चाकाच्या भोकाला तसाच उतार असतो. आवळला की तो आत रुतून बसतो, चहूबाजूंनी. आपल्या दाताचा खांदा सपाट आहे. तो नालेवर नुसता टेकतो. सगळा भार आट्यांवर येतो."

नालबंदाने माझा खांदा अंगठ्याने चाचपला. मग म्हणाला, "आणि पाना उलटा लावला की?"

"की सुटतो. रस्त्यात पंक्चर झालं तर चाक काढतातच ना?"

कारखान्यातल्या साहेबांची परवानगी घेऊन तिने मला लेथवर चढवले. जिथे जन्म झाला तसल्याच यंत्रावर मी पुन्हा फिरू लागलो. माझा सपाट खांदा तिने तासून निमुळता केला. पाना पकडायचे माझे कोपरे झिजून गोल झाले होते, ते ताजे करून घेतले. आणि टोकात बारीक भोक पाडून, तुटलेल्या कापण्याच्या हत्याराचा एक अतिशय कठीण कण पितळ वितळवून त्यात बसवला. "दगडावर आता हा कण रुतेल, पोलाद घासणार नाही," ती म्हणाली. माझ्या सात भावंडांचेही तिने असेच केले. इकडे नालबंदाने नालेच्या प्रत्येक भोकाच्या तोंडाशी तसाच उतार कापला. मी आत गेलो, पाना शेवटचा पाव फेरा फिरला, आणि आयुष्यात प्रथमच मला वाटले की नाल आणि मी एकच आहोत.

चढाच्या पायथ्याशी ढगीला आणले, तेव्हा दाजी कुबड्या घेऊन हजर. ताई ओरडल्या, "तुम्ही कशाला आलात?"

"ती माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. तुझंही नाही, आणि मीही तुझं ऐकत नाही."

नालबंदाने प्रत्येक दातावरून नालेपर्यंत लाल रंगाची एक सरळ रेघ ओढली. दात फिरला तर रेघ तुटणार. गाडी रिकामी ठेवली. दाजी एका कुबडीवर, दुसरा हात घोडीच्या मानेवर, असे पुढे निघाले. मागून नालबंद जवळजवळ रांगतच येत होता, त्याची नजर फक्त आमच्यावर.

पहिले वळण गेले, दुसरे गेले. तिसऱ्यावर ढगी थांबली. तिचे अंग कापत होते. तो कंप खुरातून माझ्यापर्यंत पोचत होता. नालबंद म्हणाला, "राहू दे दाजी, आज इथवर पुरे."

दाजींनी त्याला हाताने गप्प केले. ते घोडीच्या कानाशी वाकले. "मलाही भीती वाटतेय, बाई. माझा तर पायही मोडलेला आहे. तू पाऊल टाकलंस तर मीही टाकतो." आणि त्यांनी शीळ घातली. ती धड लागली नाही, नुसती हवाच निघाली. ढगीने कान हलवला. मग तिने मागचा डावा पाय उचलला, ओल्या दगडावर ठेवला आणि भार दिला.

मित्रांनो, माझ्यातला तो कण दगडात रुतला. मी हललो नाही.

इस्पितळाच्या फाटकाशी नालबंदाने आठही रेघा पाहिल्या. सात अखंड होत्या. आठवी, माझीच, केसभर सरकली होती. मागून चालत आलेल्या ताईंचा चेहरा उतरला. पण नालबंद विचार करत उभा राहिला. नंतर त्याने पाना लावला, तर मी किंचित पुढे सरकून घट्ट झालो. परतीच्या वाटेवर माझी नव्याने ओढलेली रेघ हलली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांवर हाच प्रयोग केला. नव्याने बसवलेला दात पहिल्या काही पावलांत आपली जागा करून घेतो, तेव्हा शंभर पावलांवर थांबून एकदा पुन्हा आवळायचा. मग तो दिवसभर जागचा हलत नाही. आणि काम संपल्यावर पान्याच्या एका हिसक्यात सुटून हातात येतो.

महिना संपायला दोन दिवस बाकी असताना दुधाचे कॅन पुन्हा वर गेले. त्या संध्याकाळी ताई दुकानाचा उंबरा ओलांडून आत आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "चहा टाक. साखर कमी." नालबंदाने घाईघाईने साखर जास्तच टाकली. त्या मुकाट्याने प्यायल्या.

पुढे अकरा वर्षे ढगी त्या चढावर एकदाही पडली नाही. दाजींचा पाय थोडा आखूड झाला, पण शीळ होती तशीच राहिली. दूरदूरचे नालबंद येऊन आमचे खांदे निरखून जात. "डोकं कुणाचं?" असे कुणी विचारले की नालबंद म्हणे, "डोकं लेकीचं. चूक माझी. दोन्ही लागलं."

मग इस्पितळाला मागच्या बाजूने मोटाररस्ता झाला, आणि ढगीही म्हातारी झाली. एके दिवशी नालबंदाने तिच्या चारही पायांची नाल उतरवली आणि खूर कानशीने गोल केले. तिला कुरणात सोडले. आधी ती जपून पावले टाकत राहिली, जणू पायाखाली काहीतरी हरवले आहे. मग तिने मान झटकली आणि धावत सुटली, अनवाणी, मऊ गवतावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी नालबंदाच्या तळहातावर होतो. दाजींनी डोळे पुसले आणि धुरावर ढकलले, तिथे धूर नसतानाही. माझी गरज उरली नाही याचे मला वाईट वाटायला हवे होते. वाटले नाही.

आता नालबंद नाही, दाजीही नाहीत. दुकान मुलगी चालवते, आणि तिचेही केस पिकले आहेत. मी एका पोलादी तुकड्यात पिळून ठेवलेला, फळीवर अनेक वर्षे पडून होतो. धूळ, दमट हवा आणि विस्मरण, यांनी माझे आटे गंजले. परवा तिने मला उतरवले. पाना लावला, मी हललो नाही. तिच्या हातात अजून जोर आहे. तिने तो लावला असता तर माझे आटे तरी तुटले असते, नाहीतर मान. पण तिने पाना खाली ठेवला, माझ्या कडेने तेलाचे चार थेंब सोडले आणि ती दुसऱ्या कामाला लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार थेंब. तिसऱ्या दिवशीही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वस्तू अडून बसली असेल, एखादे माणूस अबोल झाले असेल, तर लगेच जोर लावू नका. ते का अडले हे आधी वाकून पाहा. चूक आपली निघाली तर तसे सांगून टाका. मग थोडे तेल घाला आणि धीर धरा. चौथ्या दिवशी तिने मला नुसत्या बोटांनी धरले आणि हलकेच फिरवले. मी सुटलो.